आमच्या घरमालकांची हिमनदी

हिमालयातल्या हिमनद्यांची काळजी वाहायला या पृथ्वीवर एकच माणूस नेमलेला असेल, तर तो छत्रपती संभाजीनगरात, माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहतो. मी वाढवून सांगते आहे असं कुणाला वाटेल. पण कॉलेजला आल्यापासून मी या घरमालक काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, आणि मधले थोडे दिवस सोडले, तर हिमनदीची विचारपूस केल्याशिवाय त्यांनी सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतलेला मला तरी आठवत नाही. चष्मा लावायचा, मोबाइल उघडायचा, उत्तरेकडचं हवामान बघायचं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचं, "आज तिकडं ऊन लई आहे गं." दवाखान्यात ठेवलेल्या थोरल्या भावाबद्दल बोलावं, तसा आवाज. काकू तव्यावरून नजर न काढता म्हणायच्या, "इकडंही आहे." मग दोघांचा चहा व्हायचा. यातली गंमत अशी, की या माणसाने हिमनदी कधी पाहिलेली नव्हती. जमिनीवर पडलेला साधा बर्फसुद्धा पाहिलेला नव्हता. गारा पाहिल्या होत्या, पण त्या आमच्याकडे सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात.

मला खोली मिळाली तीसुद्धा हिमनदीमुळेच. आमचं गाव गंगापूर तालुक्यात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील माझ्याबरोबर खोली बघायला आले होते आणि एसटीत त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "विचारतील तेवढंच बोल." काकांनी एकच गोष्ट विचारली. "विषय काय घेतलाय?" मी म्हटलं, "भूगोल." काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. "ऐकलं का," त्यांनी काकूंना हाक मारली, "खोली हिलाच द्यायची." मग वडिलांचा हात हातात धरून म्हणाले, "तुमची पोरगी लई मोठ्या कामाला लागलीय." भूगोल घेतला की तलाठ्याच्या परीक्षेला बरं पडतं, एवढंच वडिलांना कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांनी "व्हय, व्हय" म्हटलं, पण स्टँडपर्यंत ते माझ्याकडे जरा संशयाने बघत होते.

त्या दिवसापासून मी काकांची साक्षीदार झाले. गल्लीत कुणाशीही वाद झाला की काका जिन्याखाली उभं राहून मला हाक मारायचे. "पोरी, खाली ये जरा. सांग यांना." मला खरोखर फार कमी माहीत होतं. हिमनदीवर आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जेमतेम दोन पानं होती. मी म्हणायचे, "सर म्हणाले होते, पण मला नीट..." काका 'होते'पाशीच मला थांबवायचे आणि समोरच्याकडे वळून विजयाने म्हणायचे, "ऐकलं? सर म्हणाले होते!" माझं पुढचं वाक्य ऐकायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

पण काकांच्या गमती सांगण्याआधी काकूंचं सांगायला हवं, कारण या घरात खरा प्रश्न त्यांचा होता. काकूंना गंगोत्रीला जायचं होतं. पहिल्याच संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी मला ते सांगितलं. आमच्याकडे कुणी काशीची, गंगोत्रीची यात्रा करून आलं, की गंगेच्या पाण्याचा बंद गडू पूजेला ठेवतात आणि सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घालतात. त्याला मावंदं म्हणतात. जेवायला आलेला प्रत्येक जण यात्रा करून आलेल्यांच्या पाया पडतो, कारण ते पाय तिथवर जाऊन आलेले असतात. "जावांचं मावंदं झालं, नणंदांचं झालं, समोरच्या घराचं झालं," काकू म्हणाल्या. "सगळ्यांच्या पाया पडून आले गं मी. एकदा माझंही व्हावं. पण हे गुडघे आता थांबायला तयार नाहीत." डॉक्टरांनी झीज सांगितली होती. दर वर्षी थोडी थोडी. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी सोडून दिल्याच होत्या, पण अजून दोनेक वर्षं हात धरून का होईना, चालता येईल असा त्यांचा अंदाज होता. तेवढ्यात जाऊन यायचं.

आणि काका नेमके त्यालाच तयार नव्हते. "आपण गेलो की आपल्यामागं गाडी आली, गाडीचा धूर आला, हॉटेल आलं, हॉटेलातलं गरम पाणी आलं," ते म्हणायचे. "आजारी माणसाला भेटायला शंभर जण घुसले तर तो बरा होईल का मरेल?" काकू म्हणायच्या, "मी काही शंभर जणी नाही. एकटी आहे." काका म्हणायचे, "सगळे असंच म्हणतात." एकदा तर त्यांनी यावर तोड काढली. आमच्या भागात गोदावरीलाच गंगा म्हणतात. काकांनी काकूंना एसटीत बसवलं आणि कायगाव टोक्याला नेऊन नदीच्या काठावर उभं केलं. "घे. गंगा." काकूंनी नदीला हात जोडले, घरून आणलेली दशमी-चटणी काकांना वाढली, स्वतः खाल्ली, आणि म्हणाल्या, "ही गंगा मला लग्नाच्या आधीपासून ओळखते. मला दुसरीला भेटायचंय."

काकांना हे वेड कुठून लागलं, ते काकूंनीच सांगितलं. नोकरीभर काका वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. लोखंड लाल करायचं आणि पुढे सरकवायचं. पहाटेच्या शिफ्टच्या बसने जायचे आणि घरी आले की अंगणात उघडे बसून डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. बर्फाचा एक भलामोठा कडा सुटतो आणि पाण्यात कोसळतो. काकांनी ती पाहिली, पुन्हा पाहिली, चहावर साय धरली तरी पाहत राहिले. मग मोबाइल खाली ठेवत म्हणाले, "हा तुकडा माझा." काकूंना वाटलं ऊन लागलं. पण काकांचा हिशेब साधा होता. एवढी वर्षं आपण भट्टी पेटवली, ती उष्णता जाईल कुठं? कोळशाचा आणि तेलाचा धूर आकाशात गोधडीसारखा पांघरला जातो, पृथ्वीची गरमी बाहेर पडत नाही आणि मग वितळायला सगळ्यात आधी काय लागतं, तर बर्फ. हे मी पुढे पुस्तकातही वाचलं. पुस्तकात अख्ख्या जगातले कारखाने, गाड्या आणि वीजघरं यांना मिळून जबाबदार धरलं आहे. काकांनी इतरांना त्रास नको म्हणून बराचसा भाग स्वतःकडे घेतला.

मग प्रायश्चित्त सुरू झालं. सिग्नलला गाडी बंद करायची, हा त्यातला पहिला नियम. स्वतःची स्कूटर ते बंद करायचेच, पण शेजारी थांबलेल्या माणसालाही खुणावायचे. एकदा गुलमंडीकडून येताना मी त्यांच्या मागे बसले होते. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने खुणेकडे लक्ष दिलं नाही, तेव्हा काकांनी सरळ हात लांब करून त्याची चावी फिरवली. "ओ काका! काय करायलेत?" तो ओरडला. "गंगा वाचवायलोय," काका शांतपणे म्हणाले. एवढ्यात हिरवा दिवा लागला. त्या माणसाची गाडी काही केल्या सुरू होईना. मागे रिक्षा, टेम्पो, एक सिटी बस अशी रांग लागली आणि सगळ्यांनी हॉर्नवर हात ठेवून इंजिनं रेटायला सुरुवात केली. दिवा पुन्हा लाल झाला. त्या धुरात काकांचा चेहरा असा काही उतरला, की किक मारून थकलेला तो माणूसच त्यांना म्हणाला, "जाऊ द्या काका, होतं असं."

रसवंतीत ते बिनबर्फाचा रस मागत. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं, पण ते कारणही सांगत. "बर्फ करायला वीज लागते. वीज कोळशावर. कोळशाचा धूर वर जातो अन् डोंगरावरचा बर्फ जातो. म्हंजे या ग्लासातल्या बर्फापायी तिकडचा बर्फ मेला." रसवंतीवाला चरकात ऊस सारत सगळं ऐकून घेई आणि विचारी, "लिंबू टाकू ना काका?"

परिणामांच्या बाबतीत ते त्याहून कडक. समोरच्या घरातल्या मुलीला बघायला मुंबईची मंडळी आली होती. वडीलधारे म्हणून काकांना बोलावलं. कांदेपोहे झाले, मुलाची नोकरी, शिक्षण, पत्रिका, सगळं झालं. मुलीच्या वडिलांनी मोठ्या आदराने विचारलं, "काका, तुम्हाला काही विचारायचंय?" काका पुढे सरकले. "घर समुद्रापासून किती लांब?" मुलाची आई हसून म्हणाली, "अगदी जवळ. खिडकीतून दिसतो." काकांनी डोळे मिटले. "अन् मजला?" "पहिला." पाहुणे गेल्यावर ते मुलीच्या वडिलांकडे वळले. मग म्हणाले, "जगभरचा बर्फ वितळून समुद्रातच जाणार ना? पोरगी द्या, पण चौथ्याच्या खाली देऊ नका." लग्न झालं. ती मुलगी दिवाळीत माहेरी आली की काका अजून विचारतात, "पाणी कुठवर आलंय?"

उन्हाळ्यात मात्र त्यांची परीक्षाच असायची. पुण्याच्या मुलाने आईसाठी एसी पाठवला होता. तो खोक्यातून बाहेर निघालाच नाही. काकू त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान आहे. एसी बसवायला ते दर चैत्रात येत आणि काका दर चैत्रात त्यांना परत पाठवत.

"चाचा, यातला गॅस गळाला तर कुठं जातो?"

"ऊपर जाता, काका."

"ऊपर म्हंजे कुठं?"

"ऊपर म्हणजे ऊपर. मैं तो कबी गया नई." चाचा काकूंकडे बघून म्हणायचे, "काका, गलेशियर कू बाद में देखेंगे, पैले काकी कू देखो. सूख के आधी हो गई ना गर्मी से!"

काकू पदराने वारा घेत म्हणायच्या, "सांगा, सांगा. तुमचं तरी ऐकतील." काका ऐकत नसत, पण चाचांना चहा पाजल्याशिवाय सोडतही नसत.

एसीऐवजी त्यांनी गच्चीला चुना दिला. ही कल्पना दुर्दैवाने माझ्यामुळे आली. मी सहज सांगितलं होतं, की पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो आणि त्याच्यावर धुराची काजळी बसली की तो ऊन पिऊन लवकर वितळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन गच्चीवर उभे. "आता आपलं घरपण ऊन परत पाठवणार!" माझी खोली खरंच थोडी थंड झाली. पण समोरच्या घराने तक्रार केली, की परत पाठवलेलं ऊन थेट त्यांच्या देवघरात येतं. आणि त्याच दिवशी काकूंनी माझ्याकडून गच्चीच्या कोपऱ्यात जुन्या पांढऱ्या साडीवर कुरडया वाळत घालून घेतल्या होत्या. पांढऱ्यावर पांढऱ्या. काकांना त्या दिसल्याच नाहीत; त्यांच्यावरूनही चुन्याचा हात फिरला. त्या वर्षी आमच्या घरच्या कुरडया कुणी मागितल्या नाहीत.

तरी एक गोष्ट मी कबूल करते, की काकांनी हिमनदी जशी समजावून सांगितली, तशी मला वर्गात कळली नव्हती. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. ते हौदात भरून घ्यायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या बायका पाइप लावून उभ्या असतात, तेव्हा काकांचा वर्ग भरतो. "हिमनदी म्हंजे हौद. तिचा नळ हिवाळ्यात येतो, बर्फ पडतो, हौद भरतो. उन्हाळ्यात थोडं थोडं पाणी खाली सोडती, त्याच्यावर खालची माणसं जगतात. आता झालंय काय, नळ येतो बारीक अन् हौदाला पडलंय भोक. आधी खाली लई पाणी येणार, पूर येणार, लोक म्हणणार वा वा, भरपूर पाणी! अन् एक दिवस झाकण उघडून बघावं तर तळ." एका बाईने विचारलं, "पण काका, आपल्या गोदावरीला कुठं बर्फ आहे? आपलं तर पावसाचं पाणी." काका म्हणाले, "आपला हौद रिकामा असला की कसं वाटतं ते आपल्यालाच माहीत. म्हणून आपणच बोलायचं."  त्या बाईने मान हलवून पाइप नीट केला. परीक्षेत 'हिमनद्या वितळण्याची कारणे व परिणाम' हा प्रश्न आला, तेव्हा मी भीत भीत हौदच लिहिला. गुण बरे पडले.

असा हा माणूस काकूंवर अन्याय करतो आहे, हे त्याला स्वतःला कळत नव्हतं असं मात्र नाही. काकू जिना टाळतात, मांडी घालून बसत नाहीत, उठताना भिंत धरतात, हे ते बघत होते. त्यांना काहीतरी करायचं होतं. त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू जाणोत.

गेल्या वैशाखात काकू दोन दिवस गंगापूरला बहिणीकडे गेल्या. काकांनी तेवढ्यात गुलमंडीतून गंगेच्या पाण्याचा बंद गडू आणला, आचारी बोलावला आणि गल्लीला आवतण दिलं. त्यांनी असा विचार केला होता: काकूंना हवं आहे ते मावंदं. मावंद्याला गडू लागतो, पुरणपोळी लागते, माणसं लागतात. हे सगळं इथेच मिळतं. मधला हिमालय वगळला तर त्यालाही त्रास नाही. मला त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काका, मला वाटतं, काकूंना..." पण ते तोवर आचाऱ्याकडे वळले होते.

काकू स्टँडवरून रिक्षाने आल्या. दारात रांगोळी, हातात पिशवी, कपाळावर घाम. नेमक्या यात्रेहून आल्यासारख्या दिसत होत्या. बायकांनी पुढे होऊन त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. निम्म्या गल्लीला खरं माहीत होतं, निम्म्या गल्लीला नव्हतं. एकीने विचारलं, "काकू, थंडी लई होती का?"

"गंगापूरला?" काकू म्हणाल्या.

लोक हसले. काकूही आधी हसल्या. मग त्यांना आत मांडलेला गडू दिसला, पुरणाचा वास आला, दारामागे कौतुकाची वाट बघत उभे असलेले काका दिसले, आणि त्यांना सगळं समजलं. तरी त्यांनी पिशवी खाली ठेवली. खुर्चीवर बसल्या. लोक पाया पडायला लागले. शेवटच्या घरातल्या आजी, वयाने काकूंपेक्षा कितीतरी मोठ्या, काठी टेकत आल्या आणि वाकल्या. काकूंनी झटकन पाय साडीखाली ओढून घेतले. गुडघ्यात कळ आली असणार, कारण त्यांचा चेहरा वाकडा झाला. "नका हो आजी," त्या म्हणाल्या, "हे पाय कुठं गेले नाहीत."

 आचाऱ्याचा झारा तेवढा वाजत होता. काकूंनी मला जवळ बोलावलं.

"तू शिकतीस ना? आज तू सांग. यांच्याकडं बघू नको. आम्ही दोघं गेलो तर तो बर्फ वितळतो का?"

मी वर्गात कधी हात वर केलेला नाही. तिथे तर सगळी गल्ली बसलेली. काका माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे, मी 'सर म्हणाले होते' म्हणण्याची वाट बघत. मी म्हटलं, "तिथे गर्दी, गाड्या, धूर झाला की त्रास होतो, ते खरं आहे. पण काका, तुम्ही दोघं नाही गेलात म्हणून तो वितळायचा थांबणार नाही."

काकांनी पहिल्यांदाच माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. "थांबणार नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"मग मी हे जे करतो..."

"ते करायचंच," मी म्हटलं.  "पण त्यात काकूंचं जाणं नका धरू."

चाचा पान पुढे ओढत म्हणाले, "बच्ची सई बोल रई काका. अब बैठो, पुरनपोली ठंडी हो रई."

पुढचे कितीतरी दिवस काकांनी हिमनदीचं नाव काढलं नाही. सकाळी चहा यायचा, ते प्यायचे. मोबाइल उशाशी तसाच. मला फार वाईट वाटत होतं. काकूंनाही करमेना. एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "तिकडं आज ऊन कसं आहे, तू तरी बघून सांग गं यांना." मी सांगितलं. काकांनी "बरं" म्हटलं. मग एका रविवारी ते जिना चढून माझ्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "पोरी, दसऱ्यानंतर गर्दी कमी असती म्हणतात. तवा गेलं तर तिला कमी त्रास होईल का?" मी म्हटलं, "हो काका. कमी होईल." त्यांनी मान हलवली आणि कठडा धरून खाली गेले.

दसऱ्यानंतर ते गेले. रेल्वेचा साधा डबा, स्टीलचे दोन पेले, प्लास्टिकची एकही वस्तू नाही. काकूंचे फोन यायचे. "अगं, हरिद्वारला जीप सुटू देईनात. म्हणाले, सगळ्या जागा भरल्याशिवाय धूर करायचा नाय. स्वतः रस्त्यावर उभं राहून माणसं बोलावली, गंगोत्री, गंगोत्री करून! जीपवाला म्हणला, बाबूजी, तुम्ही इथंच राहा, पगार देतो." दुसऱ्या दिवशी फोनवर काका होते. "सिग्नल नाय इकडं," म्हणाले. मला वाटलं मोबाइलचा. ते म्हणाले, "गाड्यांचा गं. चावी कुणाची फिरवायची?"

आल्यावर मावंदं झालं. एकाच यात्रेची दोन मावंदी होण्याचा मान आमच्या गल्लीशिवाय कुणाला मिळालेला नसेल. चाचांनी जेवून उठताना विचारलं, "अगली बार कब जा रहे काका?" त्या शेवटच्या घरातल्या आजी पुन्हा आल्या. या वेळी काकूंनी पाय ओढले नाहीत. त्या वाकल्या, आणि काकूंनी वरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

संध्याकाळी माणसं गेल्यावर आम्ही तिघं पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, "काका, हिमनदी कशी होती?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "पाहिलीच नाय त्यांनी. देवळापासून पुढं लई लांब पायी वाट आहे. मी म्हणलं, मी धर्मशाळेत बसते, तुम्ही जाऊन या. एवढी वर्षं तिच्या नावाने बसलात. गेले. परवानगी बघतात त्या फाटकापर्यंत गेले अन् परत आले."

"का काका?"

"हिला तिथं भाषा कळत नाय," काका म्हणाले. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. दोन दिवसांत त्यांनी धर्मशाळेतल्या सगळ्या बायकांशी मैत्री केली होती.

मग काका आपणहून सांगू लागले. परत आल्यावर त्यांनी काकूंना हात धरून घाटावर नेलं. दोघं पाण्यात पाय सोडून बसले. पाणी असं थंड, की पाय आपले आहेत का परक्याचे ते समजेना. "थोड्या येळानं ही म्हणली, दुखायचं थांबलं. गुडघे दुखायचे थांबले म्हणली. मी बघत बसलो पाण्याकडं. म्हणलं, हे तिकडून वितळूनच आलंय. अन् पोरी, मला..." ते थांबले. "मला त्या येळेला ते वाईट वाटलं नाय. वाटायला पाहिजे होतं का?"

 आमच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, "नाही काका."

काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या होळीच्या सुमाराला करायचं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नंतर चालता येईल, पण सवय व्हायला वेळ लागेल. काकू पायांवरून हात फिरवत म्हणाल्या, "मग जाऊ की पुन्हा. तुमची ती राहील का तोवर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहील काकू. थोडी मागे सरकलेली असेल."

"सरकली तर सरकली," काका म्हणाले. "आपण थोडं जास्त चालू."

"आधी मला इथनं उठवा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.